पडद्याआडचा हात

विरूपाक्षआप्पा सुनेचा हात धरणार नव्हते, आणि हात धरल्याशिवाय नाडी कळत नव्हती. शिवरंजनीची सगळी अडचण एवढीच होती.

देवगाव फाट्यावरून आत सहा किलोमीटरवर त्यांचं गाव. सगळे त्यांना वैद्यआप्पा म्हणायचे. पार सेलू, मानवतपासून बाया यायच्या आणि त्यातल्या निम्म्या पाळीच्या दुखण्याच्या असायच्या. आप्पा सकाळी अनशापोटीच नाडी बघत. दहा वाजले की पाटावरून उठत, मग दारात कोणी रडत बसलं तरी उद्या या म्हणत. ओसरीच्या मधोमध एक जाड पडदा होता. बाईने त्याच्या आड बसायचं, डावा हात बाहेर काढायचा आणि तोंड दिसत नाही म्हणून मोकळं बोलायचं. ही रीत आप्पांच्या वडलांनी घातलेली. मध्ये आप्पांनी पडदा काढायचं मनावर घेतलं होतं, तर बायांनीच काढू दिला नाही.

औषधाच्या बाबतीत माणूस खोटा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. पडद्याकडे तोंड करून ते एकेकीला शांतपणे समजावून सांगत.

"बाई, पोटात खालच्या अंगाला वायू असतो. त्यानं खाली सरकायचं असतंय. तुमी उपाशी ऱ्हाता, गार पाण्यात हात घालता, ओझी उचलता. मग त्याची वाट अडती अन् कळ मारती. तीन दिवस निजायचं. ऊन ऊन खायचं. ओटीपोटाला एरंडेल चोळून शेकायचं. निजल्याबिगर निसता काढा काय करील?"

तीन दिवस निजायचं म्हटलं की पडद्याआडून हसू यायचं. आप्पांना त्याचा राग यायचा. "हसता कामून?" ते म्हणायचे. "घरच्याला सांगा, वैद्यानं सांगितलंय म्हणून."

मागच्या पडवीत त्यांची सून लोखंडी खलात अशोकाची साल कुटत असायची. महिन्यातले सत्तावीस दिवस कुटायची तशीच उरलेले तीन दिवसही कुटायची. सालीची भरड करायची, दशमुळाची वेगळी, ओवा भाजून वेगळा, मग चुलीवर पातेलं चढवून सोळा पेले पाण्याचे चार होईपर्यंत आटवत बसायचं. धुराने डोळे चुरचुरायचे. सालीचा तपकिरी रंग बोटांत आणि नखांच्या कडांत इतका मुरला होता की लग्नातल्या मेंदीनंतर तिच्या हाताला दुसरा रंग चढलाच नाही. औषध न्यायला आलेल्या बाया तिच्याकडे बघून म्हणायच्या, "घरातच वैद्य हाय. नशीब काढलं बाई तुमी."

लग्न झालं त्याच्या दुसऱ्याच महिन्यात ती कळांनी लोळली होती. नवरा शिवकुमार घाबरून आप्पांकडे गेला, तर आप्पा म्हणाले, सासऱ्याने सुनेचा हात धरायचा नसतो, तुझ्या आईला विचारायला लाव. भागम्माबाई आत गेल्या आणि सुनेला न विचारताच बाहेर आल्या.

"जरासं पोट दुखायलंय तिचं," त्यांनी सांगितलं.

"जरासं म्हंजे किती?"

"बायांचं दुखतंय तेवढं."

तेवढ्यावर आप्पांनी काढा दिला. त्याला आता तीन वर्षं झाली. दुखणं दर महिन्याला वाढत गेलं, आणि आप्पांच्या कानावर दर महिन्याला "जरासं"च गेलं.

शेजारची निकिता महिन्याला तीन दिवस बाहेर बसायची. तिला चुलीला, माठाला शिवू देत नसत, ताटात वरून भाकरी टाकत. शिवरंजनीला तिची कीव यायची. पुढे पुढे कीव यायची बंद झाली आणि चक्क हेवा वाटायला लागला, कारण निकिता निदान बसायची. इकडे भागम्माबाई मोठ्या अभिमानाने सांगायच्या, "आमच्यात विटाळ न्हाई. गळ्यात लिंग हाय, आमाला कशाचा विटाळ?" खरंच आहे ते. त्यांच्या पंथाच्या जुन्या थोर माणसांनी बाईला या शिवाशिवीतून सोडवलं. भागम्माबाईंनी त्यातून सुनेच्या कामाचे तीन दिवस तेवढे वाढवून घेतले.

एवढ्यावरही त्या थांबत नसत. ओसरीवर एखादी बाई फार कण्हायला लागली की त्या सुनेला हाक मारायच्या. "हिला बगा. आज दुसरा दिवस हाय हिचा. हाय का कुठं बसल्याली? आमच्याच काढ्यावर हाय." मग सुनेकडे वळून विचारायच्या, "दुखतंय का गं?"

"न्हाई," शिवरंजनी म्हणायची. मग परत पडवीत जाऊन तोंडात पदर कोंबून खाली बसायची.

यंदा कापूस फुटला आणि वर अवकाळी पाऊस येऊन गेला. दोन दिवस उघडीप मिळाली, पण आभाळ पुन्हा भरून येत होतं, त्यामुळे जो तो वेचणीला धावला. बायांना बाहेरगावाहून पिकअपमध्ये भरून आणावं लागत होतं. शिवकुमारने सात जणी आणल्या आणि आठवी म्हणून बायकोला घेतली.

"दुसरा दिवस हाय माझा," ती हळूच म्हणाली.

"मग? तुला काय नांगर वढायचाय का?" शिवकुमार म्हणाला. तो फारसा वाईट माणूस नव्हता. आईसमोर कधी बोललाच नव्हता, आणि त्यामुळे बायकोशी बोलताना त्याच्या तोंडून आईचेच शब्द यायचे.

पाण्याने बोंडं जड झाली होती. वाळलेल्या पाकळ्यांची टोकं बोटांत घुसत होती. कमरेला ओटी बांधून वाकायचं, वेचायचं, ओटीत टाकायचं, पुढे सरकायचं. ओल्या कापसाची ओटी बरोबर ओटीपोटावर लोंबकळायची, आणि तिथेच कोणी आतून पिळा घातल्यासारखं होत होतं. शिवरंजनीने दोन ओळी काढल्या. तिसऱ्या ओळीत डोळ्यांपुढे काळं झालं, ती गुडघ्यावर बसली आणि भडाभडा ओकली. ओटीतल्या कापसावरही शिंतोडे उडाले.

"अगं कापूस! कापूस भिजला की!" बांधावरून शिवकुमार ओरडला. मग त्याला तिच्या लुगड्याला मागे लागलेला डाग दिसला. सात बायांच्या देखत त्याची मान खाली गेली, आणि तो चिडून म्हणाला, "जरा तरी लाज धर. जा, नदीकडं जाऊन धुऊन ये."

मनकर्णा नावाची एक थोराड बाई शेजारच्या ओळीत होती. ती कोणाला न विचारता आली, आपलं डोईचं फडकं सोडून शिवरंजनीच्या कमरेला गुंडाळलं आणि तिला बाभळीखाली नेऊन बसवलं.

"कवापून हाय असं?"

"लगीन झाल्यापून वाढायलंय. आता पाळी नसली तरी दुखतंय. संडासला बसलं तर सुरी फिरविल्यावानी व्हतंय." तिने खाली बघितलं. "रातच्याला मालक जवळ आले तरी."

"अन् सासरा वैद्य ना तुझा? माझ्या बहिणीला त्यांनीच गुण दिला. मामाला हात दाव की."

"सुनेचा हात धरत न्हाईत."

मनकर्णा तिच्याकडे बघतच राहिली. मग एकदम हसली. "आगं येडे, मग पडदा कशाला हाय?"

त्या वाक्याने शिवरंजनीच्या पोटातली कळ क्षणभर थांबल्यासारखी झाली. तीन वर्षं ती पडद्याच्या आतल्या बाजूला झाडू मारत होती, सतरंजी झटकत होती, आणि हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी भागम्माबाई मठात गेल्या. मनकर्णाने आदल्या दिवशीच पिकअपवाल्याला सांगून ठेवलं होतं, ती सकाळी लवकर येऊन उतरली. बाहेर ओसरीवर तीन बाया नंबर धरून होत्या, सगळ्या परगावच्या. मनकर्णा पडद्याआड गेली तेव्हा शिवरंजनी मागच्या दाराने आत येऊन बसलेली होती. तिने चिंचेने हात घासघासून धुतले होते. हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवून ठेवल्या आणि मनकर्णाच्या दोन काचेच्या बांगड्या चढवल्या. एकीच्या तोंडाने बोलायचं आणि दुसरीचा हात द्यायचा, असं ठरलं होतं. ह्यात आपण कोणाचं काही लुबाडतोय असं तिला वाटत नव्हतं.

"हात द्या," पलीकडून आप्पा म्हणाले.

शिवरंजनीने डावा हात पडद्याबाहेर काढला. आप्पांची तीन बोटं मनगटावर टेकली. ती बोटं ऊबदार आणि हलकी होती. या घरात आल्यापासून तिच्या दुखण्याला पहिल्यांदाच कोणी हात लावला होता. तिला रडू यायला लागलं.

आप्पा बराच वेळ नाडी बघत राहिले. एवढा वेळ ते कोणाला देत नसत.

"नाव?"

"मनकर्णा," मनकर्णा म्हणाली.

"दुखणं पाळीपुरतंच न्हाई, बरुबर? आधी आठ दिवस अन् नंतर बी?"

"व्हय आप्पा."

"शौचाच्या टायमाला?"

"सुरी फिरविल्यावानी."

"नवऱ्याजवळ?"

मनकर्णाने शिवरंजनीकडे पाहिलं. तिने मान हलवली. "तवा बी," मनकर्णा म्हणाली.

"लेकरं?"

"न्हाई. तीन वर्सं झाली लग्नाला."

आप्पांनी बोटं काढली नाहीत. त्यांचा आवाज चढला. "इतके दिवस कुठं व्हतीस? काढा कोण देत व्हतं तुला?"

"घरचंच."

"घरचे माणसं हायेत का जनावरं? हे काढ्याचं काम न्हाई, बाई. मी वैद्य असून सांगायलोय. आत काहीतरी चिकटलंय, वाढायलंय. परभणीला मोठ्या दवाखान्यात जा, मशीनवर पोट तपासून घे. आजच्या आज. असंच ठिवलं तर मूल ऱ्हाणं अवघड हाय. अन् मूल मरू दे, तुझी तू उरणार न्हाईस. नवऱ्याला सांग, मी सांगितलंय म्हणून. चिठ्ठी देतो."

लिहिण्याचा आवाज आला. चिठ्ठी पडद्याखालून आत सरकली. शिवरंजनीने ती उजव्या हाताने उचलून छातीशी धरली. आजच्या आज, असं तिच्यासाठी कोणीतरी म्हणालं होतं.

"नखं बघू," आप्पा म्हणाले. "रगत किती उतरलंय ते बघून एक चूर्ण देतो, शक्तीसाठी."

त्यांनी तिचा पंजा उलटा केला आणि उजेडाकडे वळवला. नखं पांढरी पडली होती. पण नखांच्या कडांना तपकिरी रेघा होत्या. चिंचेनेही न गेलेला अशोकाच्या सालीचा रंग तिथे होता. कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाताला तो नसतो. पंचक्रोशीत तो एकाच बाईच्या हाताला होता.

आप्पांनी हात सोडून दिला. पाटावर तो आपटला.

"हात कुणाचा हाय?" त्यांनी विचारलं.

शिवरंजनी उठली आणि पदर डोक्यावर घेऊन पडद्याबाहेर आली. "माझा हाय, मामा."

त्याच वेळी दारात पूजेचं ताट घेऊन भागम्माबाई उभ्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे, पण ऐकायचं तेवढं त्यांनी ऐकलं होतं. ओसरीवरच्या तिघी बाया एकमेकींकडे बघत होत्या.

"ती चिठ्ठी इकडं दे," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "खोट्या नावावर माझं अक्षर बाहेर जाणार न्हाई."

शिवरंजनीने चिठ्ठी दिली. त्यांनी तिचे चार तुकडे केले. ती तशीच उभी राहिली.

"मग माझ्या नावानं लिहा," ती म्हणाली.

आप्पांनी तुकडे पाटाखाली सारले.

"नाव खोटं व्हतं, मामा. हात खरा व्हता. लिहा ना माझ्या नावानं."

आप्पांच्या हातात पेन होतं. पुढ्यात कागद होता. वैद्याची सून परभणीच्या दवाखान्यात पोट दाखवायला जाते, तीन वर्षं घरचाच काढा पिऊन जाते, हे त्या कागदावर लिहावं लागलं असतं. त्यांनी समोरच्या तीन बायांकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. शिवरंजनीला ते टोपण लागल्याचा आवाज आयुष्यभर पुरला असता.

"मूल ऱ्हाणार न्हाई म्हणालात," भागम्माबाई ताट खाली ठेवून म्हणाल्या.

"अवघड हाय म्हणालो. तपासलं तर..."

"तुमची नाडी कदी चुकली का?"

हा प्रश्न त्यांनी तिघी बायांच्या देखत विचारला, आणि ठरवूनच विचारला. चाळीस वर्षांत आप्पांनी नाडी चुकली असं कधी म्हटलेलं नव्हतं. आताही त्यांना म्हणता आलं असतं. शिवरंजनी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. म्हणा, मामा, तिच्या मनात आलं, एकदा म्हणा.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "नाडी चुकत न्हाई माझी."

"झालं मग," भागम्माबाई म्हणाल्या.

मनकर्णाने जाताना आपल्या बांगड्या मागितल्या नाहीत. शिवकुमारने त्या दिवसापासून मनकर्णाला वेचणीवर घेतलं नाही.

त्यानंतर घरात कोणी आवाज चढवला नाही. सासूने ताडकळसला, शिवरंजनीच्या भावाला, फोन केला. "आमच्या आप्पांनी आराम सांगितलाय तिला. बायांना आराम पाहिजे बगा. राहू द्या तिकडंच, घाई काय न्हाई." मग आपल्या बहिणीला लावला आणि शिवकुमारसाठी लातूरकडच्या कुठल्याशा पोरीची चौकशी केली. त्यासाठी त्या परसात गेल्या नाहीत. शिवरंजनी समोर बसून काढा गाळत होती.

दोन दिवस ती तशीच काम करत राहिली. सालीची पोती संपत आली होती ती कुटून डबे भरून ठेवले. दुसऱ्या संध्याकाळी तिने शिवकुमारला विचारलं, "तुमी नेता का परभणीला? निसतं तपासून यू. काय निघालं तर मग बघा."

शिवकुमार गाडीची साखळी पुसत होता. "आई म्हणती, आप्पांनी बघितलंय ना," तो म्हणाला. "मशीन काय येगळं सांगणार?"

"मशीन मला बरं करायचं सांगल."

"तू पडद्याआड जायला नको व्हतं," तो म्हणाला. "चार लोकांत आप्पांची काय पत राहिली?"

तिसऱ्या दिवशी सकाळी भागम्माबाईंनी तिची पिशवी भरली. लुगडी कमी आणि काढ्याच्या पुड्या जास्त होत्या. "महिन्याचं दिलंय," त्या म्हणाल्या. "अन् तिकडं पाहिजे तेवढं नीज. इथं तुला निजायचंच व्हतं ना?"

आप्पा ओसरीवर नाडी बघत होते. पडद्याआडच्या बाईला ते तीन दिवस निजायचं सांगत होते. सून पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी हात वर केला, पण तिच्या डोक्याला लावला नाही.

देवगाव फाट्यावर शिवकुमारने तिला उतरवलं. पिशवी हातात दिली, बस येईपर्यंत थांबू का, असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत गाडी वळवली. आभाळ भरलं होतं, त्याला कापूस झाकायचा होता.

परभणीची बस आली; ताडकळसची गाडी तिथून मिळायची, आणि मोठा दवाखानाही तिथेच होता. त्यातून एक बाई तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला धरून उतरली. पोरीने दोन्ही हात पोटावर दाबून धरले होते आणि ओठ दातांखाली घेतला होता. बाईने इकडे तिकडे पाहिलं आणि शिवरंजनीला विचारलं, "वैद्यआप्पाच्या गावाला इथूनच जातेत ना, बाई? नाडी लय चांगली बघतेत म्हणं."

"लय चांगली बघतेत," शिवरंजनी म्हणाली. "जरासं दुखतंय म्हणू नका. हाय तेवढं सांगा. पोरीलाच बोलू द्या." तिने पिशवीतून पुड्या काढल्या आणि सगळ्या त्या पोरीच्या ओढणीत टाकल्या. "हे घे. म्याच कुटलंय. अन् घरी दोन दिवस निजू द्या हिला. दर महिन्याला वाढत गेलं तर इथं आणू नका, परभणीला न्या."

बाई गोंधळली. पुड्यांकडे आणि त्या देणाऱ्या तपकिरी बोटांकडे बघून तिने विचारलं, "तुमी कोण त्यांच्या?"

कंडक्टर ओरडायला लागला होता. शिवरंजनी पायरीवर चढली.

"सून हाय मी त्यांची," ती म्हणाली.

"अगं बाई, घरातच वैद्य!" ती बाई खालून कौतुकाने म्हणाली. "नशीब काढलं तुमी." मग पोरीला धरून ती गावाकडे जाणारी रिक्षा शोधायला लागली, आणि बस परभणीच्या रस्त्याला लागली.